खाली म्हणजे कुठे? पडद्यामागच्या भाषेविषयी थोडेसे

नाटकगृहात जाऊन खुर्चीत बसले की तीन घंटा ऐकण्याची आपणा सर्वांना सवय आहे. पहिली झाली की बाहेर चहा घेणारी मंडळी आत येऊ लागतात, दुसरी झाली की मुलांना गप्प बसविले जाते, आणि तिसरी झाली की दिवे मंदावून पडदा हलू लागतो. त्यानंतर पडद्यापुढे जे बोलले जाते ते आपल्यासाठी असते. पण त्याच वेळी पडद्यामागे, विंगेच्या अंधारात, आणखी काही शब्द बोलले जात असतात. ते फार थोडे असतात, हलक्या आवाजात असतात, आणि आपल्या कानांवर पडू नयेत अशीच त्यांची योजना असते. तरीही त्यांतला एखादा शब्द चुकला तर सारा खेळ बिघडतो, आणि कधी कधी खेळापेक्षाही मोलाचे काही बिघडण्याची वेळ येते.

या महिन्याच्या सदरासाठी हे शब्द निवडावयास एक प्रसंग कारण झाला. तो सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे. परंतु दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल शाईने खुणा करणे हा जिचा रोजचा व्यवसाय, तिने स्वतःच्या चुकीवर मात्र पांघरूण घालावे हे योग्य नव्हे.

माझा धाकटा भाऊ चंडीगढला असतो. त्या आखीव शहराच्या ईशान्य कडेला, किशनगढ गावाला लागून, जे नवे आय.टी. पार्क वसले आहे, त्यातील एका कचेरीत तो नोकरीस आहे. तेथील रस्ते रुंद, इमारती काचेच्या आणि आभाळ स्वच्छ असले की शिवालिकाच्या टेकड्या इतक्या जवळ दिसतात की हात लावावा. गेल्या गणेशोत्सवात मी चार दिवस त्याच्याकडे गेले होते. तेथे काम करणाऱ्या मराठी तरुण मंडळींनी गणपती बसविला होता आणि एक लहानसे मराठी नाटक बसविले होते. नट सगळे मराठी. पण पडद्यामागे हात लागतात ते मोजके मराठी पुरे पडत नाहीत, म्हणून कचेरीतलीच पंजाबी आणि हरियाणवी मुले हौसेने मदतीला आली होती. मी भाषांतरकार म्हणून माझ्या हाती नाटकाची वही देण्यात आली. नट अडला की शब्द सुचवावयाचा आणि खुणेच्या वेळी खूण द्यावयाची, एवढे माझे काम.

दुसऱ्या प्रवेशासाठी रंगविलेला एक पडदा लोखंडी दांड्यावर गुंडाळून वर टांगला होता. कप्पीवरून आलेली त्याची दोरी एका पंजाबी मुलाच्या हाती होती. तो उभा होता तेथून त्याला रंगमंच दिसत नव्हता. मला दिसत होता. रंगीत तालीम चालू होती. दिवे गेले. आमचा एक मराठी मुलगा मेजाच्या जागेवर खडूने खूण करावयास रंगमंचाच्या मधोमध गुडघे टेकून बसला होता, तो अजून उठला नव्हता. दोरीवाल्या मुलाने हळूच विचारले, “दीदी, छोड़ दूँ?” मी घाईने, अगदी दाबलेल्या आवाजात, त्याला म्हणाले, “खाली आहे!”

मला म्हणावयाचे होते की मुलगा अजून खाली आहे, म्हणून सोडू नकोस. त्याने ऐकले, “ख़ाली है.” म्हणजे जागा रिकामी आहे, सोड. त्याने सोडली.

दांडा त्या मुलापासून हातभर अंतरावर आदळला. फळीचा टवका उडाला. कोणालाही लागले नाही, हे परमेश्वराचे उपकार. काही क्षण कोणी बोलले नाही. मग दिवे लागले आणि तो पंजाबी मुलगा पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहत एवढेच म्हणाला, “दीदी, आपने ही तो कहा, ख़ाली है.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी तेच म्हटले होते.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. चुकीचा शब्द वापरला असता तर मनाला समजाविता आले असते. येथे शब्द बरोबर होता, उच्चार बरोबर होता, व्याकरण बरोबर होते. आणि अर्थ मात्र नेमका उलटा पोहोचला होता.

आता या शब्दाचीच थोडी चौकशी करू. आपले ‘खाली’ हे खालचा, खालून, खालावणे या घरातले. हिंदी आणि पंजाबीतले ‘ख़ाली’ हे अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने आलेले. त्याचा अर्थ रिकामे. दोघांची गाठ पडते ती केवळ ध्वनीत. गंमत अशी की हा दुसरा पाहुणाही आपल्या घरात येऊन राहिलेला आहे. आपण भाड्याची जागा ‘खाली’ करतो, मालाची गाडी ‘खाली’ करतो. तबल्याच्या तालात टाळी आणि खाली असतात. त्रितालाच्या सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेवर खाली येते, म्हणजे तेथे हात रिकामा जातो. ही खाली ‘रिकामी’ आहे, ‘खालची’ नव्हे. म्हणजे एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरीत आलो आहोत आणि संदर्भाने आपले भागते. पण अंधारात, घाईत, दोन शब्दांच्या वाक्याला संदर्भ कुठून येणार?

माझ्या मनात आले, नाटकाच्या व्यवसायात ही अडचण माझ्यापूर्वी कितीतरी जणांना आली असली पाहिजे. मग तिच्यावर त्यांनी काय तोड काढली? सदराच्या निमित्ताने मी हा शोध घेतला. त्यातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवते.

प्रथम आपलेच घर पाहू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि तेथून आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मोजतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. या वाटचालीत मराठी नाटकवाल्यांनी आपली म्हणून एक बोली घडविली. तिच्यातले पुष्कळ शब्द शेजारच्या हिंदीतही आहेत. पण त्यांचा अर्थ तेथे निराळा आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे.

‘तालीम’ घ्या. आपण नाटकाची तालीम करतो, आणि पहिलवानाची तालीमही आपल्याला ठाऊक आहे. हिंदी आणि पंजाबी माणसाला तालीम म्हणजे शिक्षण. भावाच्या मित्रांनी ‘आज आठ वाजता तालीम’ असा निरोप पाठविला तेव्हा त्या हरियाणवी मुलाने रात्रीचा कोणता वर्ग सुरू झाला अशी विचारणा केली होती. ‘प्रयोग’ घ्या. आपल्याला नाटकाचाही प्रयोग असतो आणि प्रयोगशाळेतलाही. हिंदीत प्रयोग म्हणजे वापर किंवा विज्ञानातील चाचणी. नाटकाचे मंचन होते किंवा प्रस्तुति होते. ‘प्रवेश’ घ्या. आपल्या नाटकाचा अंक प्रवेशांत विभागलेला असतो. हिंदीत त्याला दृश्य म्हणतात आणि प्रवेश म्हणजे पात्राने आत येणे. ‘दुसऱ्या प्रवेशाला दिवा लाव’ असे सांगितले तर हिंदी भाषक मुलगा दुसरे पात्र आत येण्याची वाट पाहत बसेल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

सर्वांत बोधक इतिहास ‘नेपथ्य’ या शब्दाचा आहे. संस्कृत नाटकांत नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेष करावयाची जागा. आणि तो वेषही. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्यगृहाची रचना सांगितली आहे, त्याला दोन दारे असावीत असे म्हटले आहे. आतून आवाज येतो तेव्हा संस्कृत नाटककार ‘नेपथ्ये’ असे लिहून मोकळा होतो. हिंदीने आणि बंगालीने हा अर्थ राखला. तेथे नेपथ्य म्हणजे पडद्यामागे. मराठीत मात्र आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेला देखावा, म्हणजे जे सर्वांना दिसते ते. एका भाषेत जे झाकलेले, तेच दुसऱ्या भाषेत उघड्यावर. मराठी जाहिरातीतील नेपथ्यकाराचे नाव हिंदीत जसेच्या तसे उतरविणारा भाषांतरकार त्या बिचाऱ्याला पडद्याआड ढकलून देतो.

शीर्षकांतही हा विचार करावा लागतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली मराठी रंगभूमीवर आले. हिंदीत ते ‘ख़ामोश! अदालत जारी है’ झाले. येथे ‘चालू’चे ‘जारी’ झाले, हे ध्यानात घ्या. उत्तरेकडे बोलण्यात ‘चालू’ माणूस म्हणजे लबाड माणूस. तो शब्द तसाच राहिला असता तर कोर्टाविषयी भलताच शेरा मारल्यासारखे झाले असते.

उलट काही शब्द दूरच्या प्रांतांना अनपेक्षितपणे जोडतात. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला त्याच्या भूमिकेपुरता जो मजकूर उतरवून देत, त्याला ‘नक्कल’ म्हणत. मूळ शब्द अरबी, अर्थ प्रत किंवा अनुकरण. पंजाबात पिढ्यान्‌पिढ्या नकला करून लोकांना हसविणारे कलावंत आहेत, त्यांना नक्काल म्हणतात. चंडीगढच्या दिग्दर्शिका नीलम मानसिंह चौधरी यांनी आपल्या नाटकांत या नक्कालांना शहरी नटांच्या बरोबरीने उभे केले. आपल्याकडे तो शब्द कागदावर बसला, तिकडे माणसाच्या अंगात शिरला. पण घराणे एकच. नीलम मानसिंह यांचे शिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली झाले, आणि अल्काझी यांचा जन्म १९२५ साली पुण्याचा. पुणे आणि चंडीगढ यांच्यात रंगभूमीचा धागा पूर्वीपासूनच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. चंडीगढला तर रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, टागोर थिएटर उभे राहिले.

आता जरा देशाबाहेर जाऊ. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे तर जगातले सर्वांत सोपे शब्द. पण रंगमंचावर कोणाचे डावे? नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो. त्याचे डावे ते आपले उजवे. इंग्लंडमधील प्रघात असा की डावे-उजवे नेहमी नटाच्या बाजूने मोजावयाचे. जर्मन रंगभूमीवर ते सामान्यतः प्रेक्षकांच्या बाजूने मोजतात. म्हणजे इंग्रज दिग्दर्शकाने जर्मन नटाला ‘डावीकडे जा’ असे सांगितले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर राहून टक्कर व्हावयाची.

फ्रेंचांनी ही कटकट मोठ्या युक्तीने मिटविली. १७७० साली पॅरिसची प्रसिद्ध कोमेदी फ्राँसेझ ही नाटक मंडळी तुइलरी राजवाड्यातील नाट्यगृहात गेली. त्या नाट्यगृहाच्या एका अंगाला राजवाड्याचे अंगण होते आणि दुसऱ्या अंगाला बाग. तेव्हापासून ‘अंगणाची बाजू’ आणि ‘बागेची बाजू’ असे म्हणण्याचा परिपाठ पडला. प्रेक्षकांच्या दृष्टीने डावीकडे बाग, उजवीकडे अंगण. तो राजवाडा आज उभा नाही. पण फ्रेंच नाटकवाले, मग त्यांचे नाट्यगृह कोठेही असो, आजही बाग आणि अंगण या शब्दांनीच बोलतात. बाग कोणाच्या तोंडाकडे पाहून जागा बदलत नाही. जपानी रंगभूमीवर याच कामासाठी ‘कामिते’ आणि ‘शिमोते’ असे शब्द आहेत, म्हणजे वरचा हात आणि खालचा हात. प्रेक्षकांच्या उजवीकडची बाजू ‘वरची’, डावीकडची ‘खालची’. आमच्या चंडीगढच्या रंगमंचावर हा ‘खालचा’ आणखी येऊन मिळाला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

आपल्या तीन घंटांनाही जगभर भावंडे आहेत. फ्रान्समध्ये पडदा उघडण्यापूर्वी एका जाड दांडक्याने रंगमंचाच्या फळीवर तीन ठोके देण्याची जुनी चाल आहे. जपानच्या काबुकी नाटकात लाकडाच्या दोन ठोकळ्यांचा टणत्कार करून खेळाची आणि पडद्याची सूचना देतात. भाषा कोणतीही असो, ठोका सर्वांना सारखाच ऐकू येतो.

आठवण करून देणाऱ्याचे नावही पाहण्यासारखे आहे. मी जे वही धरून बसण्याचे काम करीत होते, त्याला मराठी नाटकवाले इंग्रजीवरून प्रॉम्प्टिंग म्हणतात. फ्रेंचमध्ये हे काम करणारा ‘सुफ्लर’. म्हणजे फुंकर घालणारा. शब्द सांगावयाचा तो असा, की फुंकरीएवढाच त्याचा आवाज व्हावा. तोच शब्द जर्मनांनी आणि रशियनांनी उचलला. इंग्लंडमध्ये हा मनुष्य परंपरेने ज्या बाजूस बसतो, त्या बाजूलाच त्याच्या कामाचे नाव मिळाले आहे, आणि समोरची बाजू ती ‘त्याच्या विरुद्धची’ बाजू. येथेही डाव्या-उजव्याची भानगड टळली, हे आपल्या लक्षात आले असेल.

परंतु आमच्या अपघाताशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध, तो नियम इंग्रजी रंगभूमीचा आहे. तेथे खुणेसाठी ‘क्यू’ हा शब्द वापरतात. आपल्या नाटकवाल्यांनीही तो जवळ केला आहे. प्रत्येक दिवा, प्रत्येक पडदा, प्रत्येक आवाज याला क्रमांक असतो. रंगमंच व्यवस्थापक आधी सांगतो, ‘अमुक क्रमांक, तयार राहा’. संबंधित माणूस ‘तयार’ म्हणून उत्तर देतो. आणि मग क्षण आला की ‘अमुक क्रमांक, गो’. यातला ‘गो’ हा शब्द एवढा जपून ठेवलेला असतो की खेळ चालू असताना तो दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी उच्चारू नये असा दंडक आहे. कोणी कोठे ‘गो’ झाला हे सांगावयाचे असले तरी दुसरा शब्द शोधावा लागतो. कारण अंधारात दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाचे हात त्या एका शब्दाची वाट पाहत असतात. वाक्याचा अर्थ लावीत बसण्याइतकी त्यांना उसंत नसते. जेथे बोलणे शक्य नसते तेथे दिव्यांची खूण असते. लाल दिवा लागला की सावध राहावयाचे, हिरवा लागला की काम करावयाचे.

याच व्यवस्थेत एक लहानसा विनोदही दडलेला आहे. इंग्रज नटांना पडद्यामागे ‘अर्धा तास’ अशी पुकार होते, ती खेळाच्या पस्तीस मिनिटे आधी. साडेसातचा खेळ असेल तर सहा पंचावन्नला. कारण सर्व नटांनी पडदा उघडण्याच्या पाच मिनिटे आधी आपापल्या जागी हजर व्हावयाचे, आणि अर्धा तास मोजावयाचा तो त्या हजेरीपासून. शब्दकोश घेऊन बसलेला भाषांतरकार येथे ‘तीस मिनिटे’ लिहील आणि त्याचा नट पाच मिनिटे उशिरा येईल. शब्दकोशात शब्द मिळतात. पण ज्या ठरावाने ते शब्द चालतात, तो ठराव त्या माणसांत जाऊनच समजून घ्यावा लागतो.

हे सर्व मी त्या वेळी सविस्तर जाणत नव्हते. पण क्रमांकांची आणि दिव्यांची पद्धत ऐकून ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला म्हटले, “आज सगळ्यांना तासभर आधी बोलाव. मला त्या मुलाची क्षमा मागावयाची आहे, आणि एक कागद करावयाचा आहे.”

मुले आली. मी क्षमा मागितली तेव्हा तो पंजाबी मुलगा इतका ओशाळला की त्यालाच धीर द्यावा लागला. मग आम्ही कागद केला. त्यावर पहिल्यांदा लिहिले ते वर्ज्य शब्द. ‘खाली’ कोणीही, कोणत्याही अर्थाने बोलावयाचा नाही. त्या निमित्ताने दुसरा एक चोर सापडला. आम्ही मराठी लोक दोरीला ‘ओढ’ म्हणतो. हिंदीत ‘ओढ़’ म्हणजे अंगावर घे, पांघर. आदल्या दिवशी विंगेतून कोणी ‘ओढ, ओढ’ म्हणाले तेव्हा त्या हरियाणवी मुलाने हातातली शाल खांद्यावर का घेतली, याचा उलगडा आता झाला, आणि कालपासून दडपून बसलेली मुले प्रथमच मोकळेपणाने हसली. तोही शब्द वर्ज्य झाला.

मग खुणांना क्रमांक दिले. एकूण चौदा झाल्या. क्रमांक हिंदीत बोलावयाचे ठरले, कारण ते सर्वांना येत होते. डाव्या-उजव्याऐवजी एका बाजूला ‘दरवाजा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खिडकी’ अशी नावे दिली, कारण त्या दालनाला एका अंगाला दार आणि दुसऱ्या अंगाला खिडकी होती. फ्रेंचांच्या बाग-अंगणासारखीच ही सोय नकळत झाली. शेवटी, दोरीच्या कामासाठी शब्दच नको असे ठरले. दोन विजेऱ्या आणून एकीला लाल आणि दुसरीला हिरवा कागद बांधला. लाल दिसते तोवर हात हलवावयाचा नाही. हिरवी दिसली की सोडावयाचे. दोन्हीही दिसेनाशा झाल्या तर लालच समजावयाची. ही शेवटची अट त्या पंजाबी मुलाने स्वतः सुचविली. मला ती सुचली नव्हती.

सायंकाळी नाटक झाले. दुसऱ्या प्रवेशाआधी दिवे गेले. मी लाल विजेरी धरली. ठरल्याप्रमाणे मोजू लागले आणि हिरवीकडे हात नेणार, इतक्यात एका नटीच्या हातातील पितळी तांब्या निसटून रंगमंचाच्या मधोमध गडगडत गेला. कालचाच तो मुलगा विंगेतून वाकून पुढे धावला. माझ्या तोंडावर शब्द आले होते. मी ओठ मिटले आणि लाल विजेरी तशीच धरून ठेवली. दोरीवरचे हात हलले नाहीत. मुलगा तांब्या घेऊन परतला. मग मी हिरवी दाखविली आणि पडदा हळूहळू उतरला. प्रेक्षकांना तेवढा वेळ अंधार थोडा लांबल्यासारखा वाटला असेल, इतकेच. माझ्या छातीची धडधड मात्र नाटक संपेपर्यंत थांबली नाही.

वाचकहो, आपण म्हणाल, आम्ही काही नाटके करीत नाही. आम्हांला याचा काय उपयोग? पण आपल्यापैकी अनेकांच्या सोसायटीत गणेशोत्सव होतो, शाळेत स्नेहसंमेलन होते, आणि तेथे मांडव घालणारे, दिवे लावणारे, पडदे ओढणारे हात आता एकाच प्रांताचे राहिलेले नाहीत. अशा वेळी चहा-फराळाच्या यादीबरोबर खुणांचीही एक यादी करावी. त्यात तीन गोष्टी असाव्यात. वर्ज्य शब्द कोणते. ‘थांब’ आणि ‘सोड’ यांना कोणती एक खूण. आणि काहीच ऐकू आले नाही तर काय समजावयाचे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. न ऐकू आलेल्या शब्दाचा अर्थ नेहमी ‘थांब’ असावा.

घरातही हीच गोष्ट. बाहेरगावाहून येणाऱ्या औषधांच्या कागदावर हिंदीत ‘ख़ाली पेट’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ उपाशीपोटी, अनशेपोटी. आपल्या एखाद्या आजीबाईंनी तो मराठी वाचून पोटाच्या खालच्या भागाशी त्याचा संबंध लावला, तर त्यांना हसू नये. त्यांनी शब्द बरोबरच वाचलेला असतो. औषध हाती देताना एकदा आपल्या बोलीत सांगावे, आणि त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावे. इंग्रजी रंगभूमीवरचा दोरीवाला ‘तयार’ असे उत्तर देतो, त्यातील हेतू हाच असतो. सांगणाऱ्याने सांगितले म्हणजे काम झाले असे नव्हे. ऐकणाऱ्याने काय ऐकले हे सांगणाऱ्याच्या कानी आले म्हणजे झाले.

मी परत निघाले तेव्हा तो पंजाबी मुलगा भावाबरोबर मला पोहोचवावयास स्थानकावर आला होता. माझी पेटी त्यानेच उचलून डब्यात नेली. गाडी सुटावयास दोन मिनिटे होती. मी खिडकीतून विचारले, “पेटी कुठे ठेवलीस रे?” तो फलाटावरून मोठ्याने म्हणाला, “ताई, खाली आहे!”

मी आधी बाकाखाली वाकून पाहिले. पेटी तेथेच होती. तरीही गाडी हलल्यावर, केवळ खात्रीसाठी, तिची कडी काढून ती रिकामी नाही ना, हेही मी पाहून घेतले.